दशावताराची जुनी टेप: डीव्हीडी, एमपी४ की मूळ डीव्ही?

कुडाळ, सावंतवाडी, मालवणच्या पट्ट्यात ज्यांच्या कपाटात दहीकाल्याचं, पालखीचं नाहीतर घरच्या लग्नाचं शूटिंग अजून टेपवर पडून आहे, त्यांच्यासमोर तीन रस्ते आहेत. स्टुडिओत टेप देऊन डीव्हीडी करून घ्यायची, पेनड्राइव्हवर एमपी४ घ्यायची, किंवा टेपवर जे आहे ते तसंच्या तसं हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायचं. किती पैसे आणि किती जागा, हे सगळेच विचारतात. टेपवरचं चित्र मुळात कसं बनलेलं आहे हे सहसा कोणी विचारत नाही, आणि निवड फसते ती तिथे.

आपल्याकडची टीव्हीची पद्धत पाल. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, रंग १९८२मध्ये आला. पालमध्ये एकूण ६२५ रेषा, त्यातल्या ५७६ चित्राच्या, आणि सेकंदाला २५ फ्रेम. यातली मेख अशी की प्रत्येक फ्रेम दोन हप्त्यांत येते: आधी एकाआड एक रेषा, मग उरलेल्या. या अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात आणि या पद्धतीला इंटरलेस्ड. म्हणजे कॅमेरा हालचाल टिपतो ती सेकंदाला ५० वेळा. ५० हा आकडा विजेवरून आला, कारण आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची. अमेरिकेची वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथल्या टीव्हीच्या पद्धतीत, म्हणजे एनटीएससीत, ५२५ रेषा आणि सेकंदाला ६० फील्ड. पुढे १९५३मध्ये रंग आणताना ते ६० किंचित कमी करावे लागले, म्हणून फाइलमध्ये २९.९७ फ्रेम असा विचित्र आकडा दिसतो.

दुबई, मस्कत, कुवेत इथेही पालच असल्यामुळे आखातातून रत्नागिरी-रायगडात आलेल्या कॅमेऱ्यांनी फारसा घोळ घातला नाही. अमेरिकेतल्या नातेवाइकाने पाठवलेल्या कॅसेटची गोष्ट वेगळी, तिच्याकडे पुढे येतो.

आता हे ५० फील्ड डोळ्यांसमोर ठेवून तिन्ही पर्याय बघा.

डीव्हीडीला लोक जुनाट म्हणून हसतात, पण तिची एक बाजू घेतलीच पाहिजे. तिच्यात पाल आहे तशीच बसते: ७२० बाय ५७६, इंटरलेस्ड, तेच ५० फील्ड. नीट केलेली डीव्हीडी टीव्हीवर लावली तर तलवारीची लढाई तशीच सळसळीत दिसते जशी मूळ टेपवर दिसायची. गडबड होते ती भरण्यात. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. तासाभराचं शूटिंग असेल तर चित्राला सेकंदाला ८ मेगाबिटच्या आसपास माहिती देता येते, आणि ती पुरते. पण रात्रभराच्या नाटकाचे तीन तास एका चकतीत कोंबले की साडेतीनच्या वर जाता येत नाही. मग पखवाज चढला आणि संकासुर नाचायला लागला की चित्राचे चौकोन पडतात. शिवाय लिहिलेली चकती आपल्या दमट हवेत किती वर्षं वाचता येईल याचा भरवसा नाही, आणि नव्या लॅपटॉपला चकतीचा कप्पाच नसतो. जवळ जुनी डीव्हीडी असेल तर फेकू नका, तिच्यातलं सगळं हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. पण आज नव्याने डीव्हीडी करून घेण्यात अर्थ नाही.

एमपी४ सगळ्यांना हवी असते, कारण ती टीव्हीच्या यूएसबीवर चालते आणि मोबाइलवरून मुंबईच्या चाकरमान्यांना पाठवता येते. हरकत काहीच नाही. फक्त ती तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी बनते, आणि दुकानात त्या तिन्हींना ‘एमपी४’च म्हणतात.

पहिल्या तऱ्हेत दोन फील्ड एकमेकांत मिसळून २५ पूर्ण फ्रेम केल्या जातात. चित्र स्वच्छ दिसतं, पण हालचालीचे अर्धे टप्पे गेले. उभं राहून गायलेल्या पदाला फरक पडत नाही. युद्धनृत्य मात्र अडखळत चालल्यासारखं वाटतं. दुसऱ्या तऱ्हेत प्रत्येक फील्डपासून एक पूर्ण फ्रेम बनवतात आणि फाइल सेकंदाला ५० फ्रेमची होते. पाहण्यासाठी हीच मागा. व्हिडिओ फाइल बदलणाऱ्या, फुकट मिळणाऱ्या हँडब्रेक सॉफ्टवेअरमध्ये डीइंटरलेसखाली (फील्ड सोडवण्याच्या पर्यायाखाली) ‘बॉब’ हा पर्याय आहे, तो निवडून फ्रेम रेट ५० ठेवला की झालं. त्यातल्या बऱ्याच तयार प्रीसेटमध्ये कमाल ३० फ्रेमची मर्यादा घातलेली असते, ती काढायला विसरू नका. सेकंदाला ५ मेगाबिट धरले तर तासाला सव्वादोन जीबी होतात, म्हणजे जागेचीही तक्रार नाही.

तिसरी तऱ्हा सगळ्यात वाईट, आणि दुर्दैवाने सहज भेटणारी. दोन्ही फील्ड न सोडवता तशीच एका फ्रेममध्ये ठेवायची, आणि वर फाइलवर ‘प्रोग्रेसिव्ह’ असा शिक्का मारायचा. मग हलणाऱ्या प्रत्येक कडेला फणीचे दात दिसतात. खरं तर टीव्ही किंवा संगणकावरचा व्हीएलसी प्लेअर ते दात काढू शकतात, पण फाइलच सांगत असते की इथे इंटरलेस्ड काही नाही, म्हणून टीव्ही हात लावत नाही. हेच चित्र आणखी १०८०पर्यंत मोठं करून ‘भाऊ, एचडी करून देतंय’ असं कोणी म्हणालं, तर टेप परत घेऊन निघा. व्हीएचएसवर, म्हणजे जुन्या मोठ्या व्हिडिओ कॅसेटवर, आडव्या दिशेला जेमतेम २४० रेषांइतका तपशील असतो. ताणल्याने तो वाढत नाही, आणि न सोडवलेली फील्ड ताणली की ते दात पुन्हा कधीच नीट निघत नाहीत.

तिसरा रस्ता मुळाबरहुकूम ठेवण्याचा. टेप मिनीडीव्ही, म्हणजे कॅमेऱ्याची छोटी डिजिटल कॅसेट, असेल तर हा पर्याय घेतलाच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. मिनीडीव्हीवर चित्र डीव्ही नावाच्या डिजिटल पद्धतीत, आधीच आकड्यांत लिहिलेलं असतं. फायरवायर नावाच्या डिजिटल केबलने ते उतरवणं म्हणजे नुसती नक्कल, त्यात काही हरवत नाही. पालचा प्रत्येक डीव्ही फ्रेम १ लाख ४४ हजार बाइटचा, म्हणून तासाला जवळजवळ १३ जीबी होतात. आजच्या डिस्कच्या मानाने हे काहीच नाही. अडचण दुसरीच: नव्या लॅपटॉपला फायरवायर नसतं, त्यामुळे जुना संगणक आणि चालू कॅमेरा असलेला स्टुडिओ शोधावा लागतो. ‘पिवळ्या वायरने (टीव्हीला लावायच्या साध्या ॲनालॉग व्हिडिओ वायरने) करतो’ म्हणणारा नको, कारण त्या वायरने आकड्यांचं आधी चित्र होतं आणि मग पुन्हा आकडे.

व्हीएचएसला मूळ आकडे नसतातच, तिथे पिवळी वायर नाहीतर एस-व्हिडिओ हेच मार्ग. इथे शक्य असेल तर एफएफव्ही१ नावाच्या कोडेकमध्ये (व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीत), एमकेव्ही फाइल मागा. त्यात दाबलं जातं पण गमावलं काही जात नाही. विना-दाब पाल तासाला ७५ जीबीच्या घरात जातं. एफएफव्ही१मध्ये ते साधारण निम्म्यावर येतं, टेप किती खरखरीत आहे त्यावर थोडं पुढेमागे. एवढी उस्तवार आंगणेवाडीच्या जत्रेतल्या गर्दीच्या शॉटसाठी करावी का? मी म्हणेन नको. पण आज हयात नसलेल्या राजपार्टी (राजाची भूमिका करणाऱ्या) नटाचं अख्खं नाटक असेल तर जरूर. आणि कॅसेटच्या कडेला पांढरी बुरशी दिसत असेल तर ती कुठल्याही व्हीसीआरमध्ये घालू नका. ती हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटवरही जाते. आधी साफसफाई, मग बाकीचं.

काम करून आलं की दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, फाइललाच विचारा. मीडियाइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात फाइल टाकली की ती स्वतःबद्दलची माहिती, म्हणजे मेटाडेटा, उघड करते. भारतात काढलेल्या टेपच्या मूळ प्रतीत ७२० बाय ५७६, २५.००० फ्रेम, स्कॅन टाइप इंटरलेस्ड आणि डिस्प्ले आस्पेक्ट रेशो ४:३ दिसायला हवं. पाल डीव्हीत स्कॅन ऑर्डर ‘बॉटम फील्ड फर्स्ट’ असते. हा क्रम पुढे एमपी४ करताना उलटा धरला गेला, तर नट एक पाऊल पुढे आणि एक मागे टाकत थरथरतो. ७२० बाय ४८० आणि २९.९७ दिसलं, तर यूएसबी कॅप्चरचं यंत्र एनटीएससीवर राहून गेलेलं असणार. अशा वेळी चित्र काळंपांढरं किंवा घसरतं असतं. ७२०ला ५७६ने भागलं तर ५:४ येतं, ४:३ नाही. यात चूक नाही, टीव्हीचे पिक्सेल चौकोनी नव्हते एवढंच. म्हणून आस्पेक्ट रेशोची ती एक ओळ महत्त्वाची. ती हरवली की चेहरे किंचित निमुळते दिसतात, आणि कोणी १६:९ लिहिलं की पूर्ण पडदा भरतो आणि सगळे चेहरे रुंद होतात.

तारखेच्या बाबतीतही मूळ डीव्ही वरचढ आहे. मिनीडीव्हीच्या टेपवर प्रत्येक फ्रेमसोबत चित्रणाची तारीख-वेळ लिहिलेली असते आणि डीव्ही फाइलमध्ये ती टिकते. डीव्हीडी किंवा एमपी४ केली की ती जाते, उरते ती फाइल बनवल्याची तारीख. मोबाइलच्या एमपी४मध्ये वेळ असते, पण ती ग्रिनिचची. १५ मार्चच्या पहाटे अडीचला काढलेली क्लिप १४ मार्च, २१:०० अशी दिसेल. रात्रभर चालणाऱ्या नाटकाचं शूटिंग तारखेनुसार लावताना यात अर्धं नाटक आदल्या दिवशी जातं, तेव्हा साडेपाच तास मिळवायचे. १९०४ साल दिसलं तर घाबरू नका: या फाइलींची कालगणना १ जानेवारी १९०४पासून सुरू होते आणि वेळ न भरलेली फाइल तोच शून्य दाखवते. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला व्हिडिओ मात्र पुन्हा दाबला जातो आणि मूळ नोंदींवर विसंबता येत नाही. पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, फाइल आहे तशी जाते.

राहिली अमेरिकेतली कॅसेट. तिच्यावर ई-१८०ऐवजी टी-१२० छापलेलं असेल तर ती एनटीएससी धरून चाला. ती पालमध्ये ‘बदलून’ घेऊ नका. ३०चे २५ करताना झटके येतात, आणि आजचे टीव्ही-मोबाइल दोन्ही आकडे बिनतक्रार चालवतात. खऱ्या एनटीएससी व्हीसीआरवर लावून २९.९७मध्येच उतरवा.

यंदाच्या जत्रेचं नवं शूटिंग जुन्या टेपसोबत एका फिल्ममध्ये जोडायचं असेल, तर मोबाइल ३०वर न ठेवता २५ किंवा ५० फ्रेमवर ठेवा. आयफोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये पाल फॉरमॅट दाखवण्याचा पर्याय चालू करावा लागतो. अँड्रॉइडमध्ये प्रो व्हिडिओ असेल तर शटर १/५० ठेवा, म्हणजे मंडपातल्या ट्यूबलाइटचे पट्टे चित्रावरून सरकत नाहीत. आणि सगळं ज्या पेनड्राइव्हवर न्यायचं तो एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला नसून एक्सफॅट आहे ना, हे दुकानात जाण्याआधीच बघा. एफएटी३२वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि तेवढ्याच कारणाने तासाभराची डीव्ही तिथल्या तिथे एमपी४ करून हातात दिली जाते.