उन्हाळ्यातील हिमनदी-स्कीइंग: झेरमॅट, हिंटरटुक्स की स्टेल्व्हिओ?

आल्प्समध्ये ऐन उन्हाळ्यात स्कीइंग करू इच्छिणाऱ्यासमोर आज फारशी ठिकाणे उरलेली नाहीत. फ्रान्समधील तीन्य हे गाव एकेकाळी वर्षाचे 365 दिवस चालणाऱ्या स्कीइंगसाठी ओळखले जाई. तिथला उन्हाळी हंगाम आक्रसत गेला आहे. ले दूझ आल्प येथे 2022 साली जुलैच्या पूर्वार्धातच उन्हाळी स्कीइंग आटोपते घ्यावे लागले. इटलीतील मार्मोलादा हिमनदीवरही पूर्वी उन्हाळ्यात लोक स्कीइंग करत. तिथलाच बर्फाचा एक कडा 3 जुलै 2022 रोजी कोसळला आणि 11 जण मृत्युमुखी पडले. त्यामुळे या आढाव्यात मी स्वित्झर्लंडमधील झेरमॅट, ऑस्ट्रियातील हिंटरटुक्स आणि इटलीतील स्टेल्व्हिओ या तीनच ठिकाणांचा प्रामुख्याने विचार केला आहे.

उन्हाळी स्कीइंगचे सारे गणित रात्रीवर अवलंबून असते. आकाश निरभ्र असेल, तर दिवसभर वितळलेला पृष्ठभाग रात्री उष्णता बाहेर टाकून पुन्हा गोठतो, पहाटे यंत्रे त्यावर फिरून बारीक समांतर रेषा उमटवतात आणि सकाळी साडेसातच्या सुमारास पहिल्या केबल कारने वर पोहोचलेल्या माणसाच्या पायाखाली तो कडक, करकरीत लागतो. दहाच्या पुढे तोच पृष्ठभाग मऊ पडतो आणि दुपारपर्यंत त्याचा ओला, जड लगदा होतो. रात्र ढगाळ आणि उबदार असेल, तर मात्र सकाळपासूनच लगदा मिळतो. म्हणून ठिकाण निवडताना शून्य अंश तापमानाची रेषा, म्हणजे जिच्या वरची हवा गोठणबिंदूखाली असते ती पातळी, कोणत्या उंचीवर आहे, हे पाहणे हॉटेलच्या छायाचित्रांपेक्षा कितीतरी अधिक उपयोगाचे ठरते. स्वित्झर्लंडवर ही रेषा 25 जुलै 2022 रोजी 5184 मीटरवर आणि 20 ऑगस्ट 2023 च्या रात्री 5298 मीटरवर नोंदवली गेली. माँ ब्लांचे शिखर साधारण 4800 मीटरचे आहे. म्हणजे त्या रात्री आल्प्सच्या सर्वोच्च माथ्यावरच्या हवेतही गोठण नव्हते.

उंचीच्या बाबतीत झेरमॅटला तोड नाही. तिथली केबल कार 3883 मीटर उंचीच्या क्लाइन मॅटरहॉर्नवर नेऊन सोडते आणि तेथून थेओडुल हिमनदीवर उतरता येते. उतार बऱ्यापैकी सौम्य आहेत, मॅटरहॉर्न सतत नजरेसमोर असतो आणि एरवी हे स्थळ वर्षभर चालू राहते. परंतु उंची म्हणजे हमी नव्हे. 2022 च्या जुलैअखेरीस झेरमॅटलाही उन्हाळी स्कीइंग थांबवावे लागले. त्या वर्षी हिवाळ्यात हिमवृष्टी कमी झाली होती, मार्चमध्ये सहारातून आलेल्या धुळीने हिम मळले होते आणि मळलेले हिम ऊन परतवण्याऐवजी शोषून घेते. खालचा जुना, उघडा बर्फ तर ताज्या हिमाच्या निम्म्यानेही प्रकाश परतवत नाही. एकदा तो उघडा पडला की वितळण्याचा वेग वाढतो आणि झाकलेल्या भेगाही वर येतात. त्या एका वर्षात स्विस हिमनद्यांनी आपल्या आकारमानाचा सुमारे 6 टक्के आणि पुढच्या वर्षी आणखी 4 टक्के भाग गमावला. ज्यांनी त्या हिमनद्या पाहिल्या आहेत, त्यांना हे आकडे वाचताना पोटात तुटल्यासारखे होते.

मुंबईहून समुद्रसपाटीवरून निघून दोन-तीन दिवसांत 3883 मीटरवर जाणाऱ्याला डोकेदुखी आणि धाप हमखास जाणवू शकते. पहिल्या दिवशी 2939 मीटरवरील ट्रोकनर श्टेगपर्यंतच जावे, हे उत्तम. झेरमॅटचा खर्च भारी आहे. सीमेपलीकडील चेर्व्हिनिया या इटालियन गावातूनही त्याच हिमनदीच्या कडेला, 3480 मीटरच्या प्लाटो रोझावर, पोहोचता येते आणि तिथला मुक्काम तुलनेने स्वस्त पडतो. उन्हाळी हंगाम मात्र मर्यादित असतो.

हिंटरटुक्सचा माथा 3250 मीटरवर, म्हणजे सहाशे मीटरहून अधिक खाली आहे. केवळ आकड्यांवर गेलो तर ते मागे पडायला हवे. तरीही बहुतेक वाचकांना मी हेच सुचवेन. पहिले कारण वेळेचे. महाराष्ट्रातील शाळांची सुट्टी जूनच्या मध्याला संपते, त्यामुळे कुटुंबासह येणारे मेअखेर किंवा जूनच्या आरंभी येतात आणि त्या दिवसांत येथे हिवाळ्याचे हिम अजून टिकून असते. दुसरे कारण पोहोचण्याचे. म्युनिक किंवा इन्सब्रुकहून रेल्वेने येनबाख, तेथून छोट्या रेल्वेगाडीने मायरहोफेन आणि पुढे बसने थेट पायथ्याशी जाता येते. तिसरे म्हणजे, कुटुंबातील सर्वांनाच स्कीइंग येत नसले तरी दिवस वाया जात नाही: हिमनदीच्या पोटात उतरून पाहता येणारी बर्फाची गुहा येथे आहे. तिच्या भिंतींमधील निळसर थर आणि अडकलेले हवेचे बुडबुडे मुलांना जवळून दाखवावेत; पुस्तकातल्या कोणत्याही आकृतीपेक्षा त्यातून अधिक कळते. जुलैच्या मध्यानंतर मात्र हिंटरटुक्सचे वापरता येणारे उतार झपाट्याने कमी होतात. ऑगस्टमध्येच यायचे असेल, तर माझा कौल झेरमॅटला आहे.

स्टेल्व्हिओची तऱ्हा वेगळी. ही खिंड 2758 मीटरवर असून हिवाळ्यात रस्ताच बंद असतो, त्यामुळे स्कीइंग उन्हाळा आणि शरद ऋतूतच चालते. येथे शर्यतींची तयारी करणारे संघ मोठ्या संख्येने येतात, झेंड्या रोवून आखलेल्या मार्गिका त्यांच्यासाठी राखीव असतात आणि हौशी माणसाच्या वाट्याला उरलेली जागा येते. ज्याला तंत्र घासूनपुसून पक्के करायचे आहे, त्याने शिबिरासाठी जरूर जावे. इतरांनी जाऊ नये. 2022 मध्ये येथेही काही काळ स्कीइंग थांबले होते.

नॉर्वेचा उल्लेख केला पाहिजे. गाल्हेपिग्गेनजवळचे किंवा फोन्नाचे केंद्र उंचीने आल्प्सपेक्षा बरेच खाली असले तरी उत्तर अक्षांश आणि हिवाळ्यातील भरघोस हिम यांमुळे मे-जूनमध्ये तिथे चांगला अनुभव मिळतो. उतार थोडे आहेत. एक-दोन दिवस पुरेत.

नवशिक्यांसाठी माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. सकाळचा पृष्ठभाग काचेसारखा असतो, त्यावर पडणे लागते. शिवाय हिमनदी सरकत असल्यामुळे तिच्यावर पक्के खांब उभारणे अवघड असते. म्हणून तेथे पुष्कळदा उभ्यानेच ओढत नेणाऱ्या लिफ्ट असतात आणि त्यांवर तोल सांभाळणे नवख्याला पहिल्या उतारापेक्षाही कठीण जाते. शिकायचेच असेल तर हिवाळ्यात गुलमर्ग किंवा औली गाठावे. मेलबर्नमधील मराठी मंडळींना तर जून ते सप्टेंबर हाच हिवाळा. माउंट बुलर त्यांच्यापासून गाडीने काही तासांवर आहे.

अशा वितळत्या हिमनदीवर जावे की नाही, हा प्रश्न मला गंभीर वाटतो. स्कीच्या पट्ट्यांमुळे हिमनदी वितळत नाही. ती हरितगृह वायूंमुळे वितळते आणि आपल्या वाट्याचा मोठा भाग विमानप्रवासातून येतो. ऑक्टोबर 2023 मध्ये विश्वचषक शर्यतीच्या मार्गासाठी थेओडुल हिमनदीवर खोदयंत्रे चालल्याची छायाचित्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा उसळलेला संताप योग्यच होता. परंतु केवळ दोन दिवसांच्या स्कीइंगसाठी मुंबईहून युरोपला उडणे मला त्याहून फारसे वेगळे वाटत नाही. जे म्युनिक, झुरिक, मिलानमध्ये राहतात किंवा कामासाठी, नातलगांना भेटायला येणारच आहेत, त्यांनी रेल्वेने जावे.

आगाऊ खर्च बांधून घेऊ नये. खोली रद्द करता येण्याजोगी घ्यावी, पास आदल्या संध्याकाळी काढावा आणि त्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात: कोणत्या लिफ्ट चालू आहेत, वरच्या कॅमेऱ्यात हिम दिसते की उघडा बर्फ, आणि रात्रीचा अंदाज निरभ्र आहे का. तिसऱ्याचे उत्तर नकारार्थी असेल, तर स्कीइंग एक दिवस पुढे ढकलावे.