आईवडिलांची मेडिक्लेम: पोर्ट करावी की वर सुपर टॉप-अप घ्यावा?

नूतनीकरणाची नोटीस आली की हप्त्याचा आकडा बघूनच कंपनी बदलायचं डोक्यात येतं. त्याआधी तपासा, कमी काय पडतंय: रक्कम की अटी? रक्कम अपुरी असेल तर सुपर टॉप-अप (जुनी ठेवून तिच्यावर घेतलेली जादा पॉलिसी), अटी जाचक असतील तर पोर्ट (पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेणं). गल्लत इथेच होते.

अटींपैकी सर्वांत महाग पडते खोलीभाड्याची. ५ लाखांच्या बऱ्याच जुन्या पॉलिसींत दिवसाला विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे ५,००० रुपयांची मर्यादा असते. ठाण्यात किंवा वाशीत ८,००० ची खोली घेतली, तर वरचे ३,००० भरून सुटका नाही. डॉक्टरांची फी, नर्सिंग, ऑपरेशन थिएटरही त्याच प्रमाणात कापतात. या सगळ्यांचे खोलीसकट १ लाख ६० हजार झाले, तर कंपनी १ लाखच धरते. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लावता येत नाही. लावली असेल तर लेखी हिशेब मागा. २० टक्के को-पे (बिलातला आपण भरायचा वाटा) असेल तर उरलेल्यातून तोही वजा.

सुपर टॉप-अप ही भोकं बुजवत नाही. वर्षभराची बिलं मिळून ठरलेल्या वजावटीच्या (जिथपर्यंत तो काहीच देत नाही ती रक्कम), समजा ५ लाखांच्या, पुढे गेली की तो सुरू होतो. (साधा टॉप-अप दर वेळी रुग्णालयात दाखल झाल्याचं बिल वेगळं मोजतो, ज्येष्ठांसाठी तो नकोच.) हप्ता पोर्टपेक्षा पुष्कळ हलका, पण आधीच्या आजारांची प्रतीक्षा (त्यांचा खर्च मिळू लागेपर्यंतचा काळ) नव्याने सुरू, कमाल ३ वर्षं.

पोर्ट केल्यास ती प्रतीक्षा जितकी भोगली तितकी सोबत येते, मात्र जुन्या विमा रकमेपुरतीच. ५ चे १० लाख केले, तर वरच्या ५ लाखांचं घड्याळ शून्यावर. अर्ज नूतनीकरणाच्या ६० ते ४५ दिवस आधी करायचा. मागच्या पॉलिसींच्या प्रती, क्लेमचा तपशील, डिस्चार्ज कार्डं जोडायची. मधुमेह, स्टेंट, काहीही लपवू नका. नवी कंपनी नाही म्हणू शकते, आणि सत्तरीत, नुकताच मोठा क्लेम झाला असेल तर, बहुधा म्हणते. जुनी कंपनी मात्र क्लेम झाले म्हणून नूतनीकरण नाकारू शकत नाही. म्हणून नव्या कंपनीचा होकार लेखी येईपर्यंत जुनी सोडू नका. तारीख जवळ आली आणि उत्तर नाही, तर जुनीच भरा.

हप्ते ताडताना एक चकवा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी शून्य झाला, त्याआधी १८ टक्के होता. जुन्या पावतीतला कर वजा करूनच तुलना करा. झोनही (शहरानुसार हप्त्याचे गट) बघा: साताऱ्याच्या किंवा रत्नागिरीच्या पत्त्यावर पॉलिसी स्वस्त मिळते, पण उपचार ठाण्यात घेतले की काही योजनांत झोनचा वेगळा को-पे लागतो.

सत्तरी पार असेल तर सरकारी आरोग्य योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढाच. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांचं संरक्षण, खासगी पॉलिसी असली तरी चालतं. पण पतिपत्नी दोघंही सत्तरीपुढचे असले तरी ५ लाख दोघांत मिळून, आणि रुग्णालय योजनेच्या यादीतलंच हवं. त्यामुळे त्याच्या भरवशावर जुनी पॉलिसी बंद करणं आम्हाला पटत नाही.