श्रीलंका कमी खर्चात: रेल्वे, बस की ड्रायव्हरसह गाडी?

नकाशात श्रीलंका चिमुकली दिसते. म्हणून दहा दिवसांत अख्खं बेट पालथं घालायचा बेत आखला जातो आणि बजेट तिथेच कोलमडतं. कँडी ते नुवारा एलिया हे अंतर जेमतेम 75 किलोमीटर, पण घाटामुळे अडीच-तीन तास लागतात. वेळापत्रक हुकलं की ऐनवेळी टॅक्सी करावी लागते आणि आठवडाभर बसने फिरून वाचवलेले पैसे एका फेरीत संपतात. त्यामुळे सबंध सहलीसाठी एकच साधन ठरवू नका, टप्प्याटप्प्याने ठरवा.

दोन मार्गांवर रेल्वेला तोड नाही: कोलंबो फोर्ट ते बदुल्ला हा चहामळ्यांतला घाटमार्ग आणि समुद्राला खेटून गॉल, मातराकडे जाणारा किनारी मार्ग. घाटमार्गाचं आरक्षण 30 दिवस आधी खुलं होतं आणि कँडी ते डोंगरातलं एल्ला गाव या टप्प्याच्या जागा बघता बघता भरतात. जागा मिळाली नाही तर दलालाला चढा भाव देऊ नका. दुसऱ्या-तिसऱ्या वर्गाचं बिनआरक्षित तिकीट त्याच दिवशी खिडकीवर मिळतं आणि ते अगदी स्वस्त असतं. त्यात बसायला जागा मिळेलच असं नाही, आणि कँडीहून एल्लाला सहा-सात तास उभं राहणं सोपं नाही. त्यापेक्षा नुवारा एलियाला बसने जा, मुक्काम करा आणि जवळच्या नानू ओया स्टेशनवरून एल्लाची गाडी पकडा. हा प्रवास साधारण तीन तासांचा आहे आणि पट्टीपोला हे देशातलं सर्वांत उंच स्टेशनही याच पट्ट्यात लागतं. पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यात खिडक्या उघडत नाहीत, तेव्हा जास्त पैसे मोजून कमी बघायला मिळतं. आणखी एक मेख म्हणजे कोलंबोहून बदुल्लाला जाणाऱ्या काही गाड्या कँडीला जातच नाहीत. त्या गाठायला कँडीजवळच्या पेरादेनिया जंक्शनला यावं लागतं. घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडते. नोव्हेंबर 2025च्या दित्वा चक्रीवादळात या मार्गाचं मोठं नुकसान झालं, म्हणून तारखा ठरवण्याआधी कोणता टप्पा सुरू आहे ते रेल्वेकडूनच पक्कं करा.

प्राचीन शहरांच्या पट्ट्यात मात्र बसच कामाची. दांबुल्ला आणि सिगिरियाला रेल्वे नाही. त्यातल्या त्यात जवळचं स्टेशन हबराणा, पण तिथूनही पुढे वाहन लागतंच. कँडीहून दांबुल्लाची बस मिळते आणि दांबुल्लाहून सिगिरियाची. सरकारी बस लाल रंगाच्या असतात, खासगी बस बहुधा जास्त वेगाने आणि जास्त गर्दी घेऊन धावतात. बस सुटते त्या स्टँडवरच चढा, वाटेत चढलात तर उभं राहावं लागेल. पुढच्या सीट भिक्षूंसाठी राखीव असतात, त्या मोकळ्या दिसल्या तरी ते आले की उठायचं. खरी अडचण सामानाची. साध्या बसमध्ये डिकी नसल्यातच जमा, त्यामुळे मोठी सुटकेस ड्रायव्हरच्या शेजारी ठेवावी लागते किंवा तिच्यासाठी आणखी एक तिकीट काढावं लागतं. मांडीवर मावेल एवढी 35-40 लिटरची पाठीवरची बॅग असेल तर बस सुखाची, नाहीतर नाही. एल्लाहून दक्षिण किनाऱ्याला थेट बस कमी. वेल्लवायाला उतरून मातराची बस पकडा आणि अंधार पडायच्या आत पोहोचता येईल अशा बेताने निघा.

ड्रायव्हरसह गाडी एकट्या-दुकट्याला परवडत नाही. तीन-चार जण असतील तर एखाद-दुसऱ्या टप्प्यापुरती घ्यावी, उदाहरणार्थ पहाटे सिगिरियाचा खडक चढून, वाटेत दांबुल्लाची लेणी बघून संध्याकाळी कँडी. दर ठरवताना किलोमीटरची मर्यादा, टोल, पार्किंग, ड्रायव्हरचं जेवण आणि राहणं यांत धरलंय का, हे लिहून घ्या. मसाल्याच्या बागा आणि रत्नांची दुकानं नकोत, हेही आधीच सांगा. तिथल्या कमिशनपायी दिवसातले दोन तास सहज जातात.

शहरातल्या शहरात पिकमी अ‍ॅपवरून टुकटुक बोलवा, भाडं आधीच कळतं. विमानतळावरून कोलंबोला 187 नंबरची बस आहे.

आता महिना. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस गॉल, मिरिस्सा आणि डोंगराच्या पश्चिम उताराला झोडपतो. त्या दिवसांत त्रिंकोमाली आणि अरुगम बे कोरडे असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी याच्या नेमकं उलट. हिवाळ्यात जाणार असाल तर कोलंबो–सिगिरिया–कँडी–एल्ला–मिरिस्सा–गॉल असा फेरा घाला. उन्हाळा-पावसाळ्यात सिगिरियाहून पूर्वेला वळा आणि दक्षिण किनारा सोडून द्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दोन्हीकडे पाऊस असतो, शक्यतो टाळाच.

सिगिरिया, पोलोन्नारुवा, अनुराधापुरा इथली तिकिटं परदेशी पर्यटकांना महाग पडतात, बस-रेल्वेच्या सगळ्या भाड्यांहून जास्त. सार्क देशांच्या, म्हणजे भारतासह दक्षिण आशियातल्या शेजारी देशांच्या, नागरिकांना कमी दर आहे, पण तो मूळ पासपोर्ट दाखवल्यावरच मिळतो, म्हणून पासपोर्ट हॉटेलात ठेवून निघू नका. पैसे कमीच असतील तर सिगिरियासमोरच्या पिदुरंगलावर चढा. तिथलं तिकीट अगदी किरकोळ आहे आणि सिगिरियाचा खडक संपूर्ण दिसतो. शेवटचा टप्पा मात्र हातापायांनी चढायचा आहे, पावसात जाऊ नका.

पौर्णिमेला पोया असते, म्हणजे सार्वजनिक सुट्टी. त्या दिवशी आणि आदल्या संध्याकाळी बस-रेल्वे तुडुंब भरतात, तेव्हा लांबचा टप्पा त्या तारखेला ठेवू नका.