४०० पानी कापडी रजिस्टर, दोन वर्षं वापरून

रजिस्टरचा रिव्ह्यू कुणी लिहितं का असं मुलगी म्हणाली, पण दोन वर्षं रोज रात्री हीच वस्तू पुढ्यात असते तर लिहायला काय हरकत. नगरच्या बाजारातल्या वह्यांच्या दुकानातून घेतलं, कापडी पाठ, साडेतीनशे रुपये. त्यात मी मराठी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून हाताने उतरवतोय. ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय, रोज एक धरला तरी सव्वातीन वर्षं, आणि रोज एक कुठला होतोय, पाहुणे येतात, बोटं आखडतात, मिसेस गेली त्यानंतर तर दोन महिने पेन उचललंच नाही.

बायंडिंग दोऱ्याने शिवलेलं आहे त्यामुळे मधलं पान काढलं तरी सपाट उघडं राहतं, दाबून धरावं लागत नाही, आणि ते बरंच, कारण डावा हात शास्त्रातल्या ओळीवर असतो. मधे एकदा ऑनलाइन स्वस्तात दुसरं मागवलं, नाव घेत नाही, नुसता गम लावलेला, शमुवेलाच्या पुस्तकापर्यंत पानं सुटी झाली, शेवटी चांभाराकडून टाके मारून आणले. या कापडी रजिस्टरात जेल पेन मागे उमटतं, साधं बॉलपेन वापरा. पानांना नंबर नाहीत ही मात्र खोड, मी स्वतःच टाकतो.

सगळ्यात जीव गेला तो गणना या पुस्तकाच्या ७ व्या अध्यायाला. इस्राएलचे बारा सरदार बारा दिवस देवाला अर्पण आणतात आणि बाराही जणांचं सामान अक्षरशः तेच, १३० शेकेलांचं (शेकेल म्हणजे तेव्हाचं वजन) रुप्याचं ताट, ७० शेकेलांचा कटोरा, परत ताट, परत कटोरा. मी आयुष्यभर झेडपीत क्लार्क, आमच्याकडे असं आलं की खाली 'वरीलप्रमाणे' मारायचं आणि मोकळं व्हायचं. आठव्या दिवसाला नवव्याचं नाव लिहून बसलो, अर्धं पान खोडलं, वैतागून उठलोच. पहाटे प्रार्थनेला बसल्यावर डोक्यात आलं की देवाने एकालाही वरीलप्रमाणे म्हटलेलं नाही, प्रत्येकाचं ताट वेगळं मोजून घेतलंय. मग माझं रोजचं अर्धं पान पण कुठेतरी मोजलं जात असेल की. चहा घेतला आणि परत आठव्या दिवसापासून.

आणि कंटाळा आला की पंडिता रमाबाईंचं दौंडजवळचं केडगाव आठवतं. तिथे रमाबाई हिब्रू ग्रीक शिकून अख्खं शास्त्र मराठीत आणत होत्या, ऐकू कमी यायचं, १९२१ ला एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम टाकलं नाही, पुरं केलं आणि १९२२ ला गेल्या. मी तर नुसतं बघून लिहितोय.

सध्या तिसरं रजिस्टर, १ इतिहास हे पुस्तक, पहिले नऊ अध्याय नुसती नावंच नावं. दुकानदार म्हणतो काका एवढी रजिस्टरं, धंदा काढला का? अजून पाच लागतील, याच शिलाईची बाजूला ठेव म्हणून सांगून आलोय. चार स्टार, एक पानांच्या नंबरांसाठी कापला.