वकील व्हायचंय, मग अकरावीला आर्ट्स, कॉमर्स की सायन्स?

पात्रतेपुरतं बोलायचं तर हा प्रश्नच उद्भवत नाही. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या एलएलबीला कोणत्याही शाखेची बारावी चालते. वकिलीचं शिक्षण आणि व्यवसाय यांवर देखरेख ठेवणाऱ्या बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण पुरतात. पुढचं सगळं प्रवेशपरीक्षेवर. राज्यातल्या लॉ कॉलेजांसाठी सीईटी सेलची लॉ सीईटी. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट. बारावीला ९२ टक्के पडले काय किंवा ६२ पडले काय, क्लॅटच्या मेरिट लिस्टला त्याचं सोयरसुतक नसतं. फरक पडतो तो दोन वर्षं रोज काय वाचलं-लिहिलं याने आणि तयारीला वेळ किती उरला याने. शाखांची तुलना याच दोन मापांनी करायला हवी.

कायद्याचा अभ्यास म्हणजे कलमं पाठ करणं, असा समज घरोघरी आहे. एक उदाहरण घ्या. तुम्ही घड्याळ दुरुस्तीला टाकलं. दुरुस्तीचे पैसे दिलेले नाहीत, म्हणून दुकानदाराने ते कायदेशीर हक्काने तारण म्हणून ठेवून घेतलंय. त्याचं तारण बुडवायच्या इराद्याने तुम्ही ते गुपचूप उचलून आणलं. ही चोरी झाली का? घड्याळ तुमचंच आहे, मग चोरी कसली, असं पटकन वाटतं. पण कायद्याच्या लेखी ही चोरीच. चोरीच्या व्याख्येत वस्तू कोणाच्या मालकीची हे विचारलेलंच नाही. ती कोणाच्या ताब्यातून, त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने हलवली हे विचारलंय. हा दाखला १८६० च्या दंडसंहितेत होता आणि तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. क्लॅटमधले कायद्याचे प्रश्न याच धाटणीचे असतात. नियम उताऱ्यातच दिलेला असतो, तो घाई न करता वाचायचा आणि आपलं मत बाजूला ठेवून प्रसंगाला लावायचा. हे वळण कोणत्या विषयांनी लागतं, ते आता पाहू.

आर्ट्समध्ये सर्वांत कामाचा आणि सर्वांत दुर्लक्षित विषय म्हणजे तर्कशास्त्र. विधानं, अनुमान, सत्यता-कोष्टकं, तर्कदोष, सगळं त्यात येतं. पुढे उलटतपासणीत किंवा युक्तिवादात जे करायचं असतं त्याची ही कोरडी पण खरी तालीम आहे. राज्यशास्त्रात हक्क, संविधान, न्यायव्यवस्था येते. इतिहासाचा फायदा वेगळाच: घटनेमागची कारणं मांडून दोन पानं सलग लिहायची सवय. लॉच्या परीक्षेत तेच करावं लागतं आणि दोन-दोन ओळींच्या उत्तरांवर वाढलेली मुलं पहिल्या सेमिस्टरला तिथेच अडखळतात.

आर्ट्सची उणी बाजूही सांगायला हवी. बीए एलएलबीच्या पहिल्या दोन वर्षांत राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र पुन्हा पायापासून शिकवतात, त्यामुळे बारावीच्या ज्ञानाची आघाडी फार काळ टिकत नाही. टिकते ती लिहिण्याची सवय. आणि ज्या कॉलेजात आर्ट्सचे वर्ग भरतच नाहीत, तिथे गाइड वाचून पास होताना तीही लागत नाही.

कॉमर्सकडे लोक ‘मधला मार्ग’ म्हणून बघतात. मला तो त्याहून बरा वाटतो. एसपीच्या (सेक्रेटेरिअल प्रॅक्टिस) पुस्तकात कंपनी कशी स्थापन होते, मेमोरँडम आणि आर्टिकल्स म्हणजे काय, शेअर आणि डिबेंचर यांत फरक काय, हे सगळं अकरावी-बारावीतच भेटतं. ओसीमध्ये (ऑर्गनायझेशन ऑफ कॉमर्स) ग्राहक संरक्षण आहे. बुक कीपिंगमुळे ताळेबंद पाहून बिचकायला होत नाही. कंपनी, कर, बँकिंग या बाजूला जायचं असेल, किंवा सीएस (कंपनी सेक्रेटरी) आणि सीएची वाटही हाताशी ठेवायची असेल, तर कॉमर्सला तोड नाही. कमी पडतं ते सलग गद्य वाचन. ते स्वतःहून करावं लागतं, रोज एका वर्तमानपत्राचं संपादकीय पान तरी.

गणित घ्यायचं का, हा कॉमर्सवाल्यांचा ठरलेला प्रश्न. क्लॅटच्या १२० प्रश्नांत आकडेमोडीचे साधारण दहा टक्के, तेही दहावीच्या पातळीचे. वकिलीतलं गणितही बहुतेक वेळा टक्केवारी-गुणाकाराचंच असतं. मोटार अपघाताची भरपाई बघा. तीस वर्षांचा, स्वतःचा धंदा असलेला माणूस गेला, वार्षिक उत्पन्न तीन लाख, मागे बायको आणि दोन मुलं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे भावी वाढीपोटी ४० टक्के मिळवले की ४.२ लाख. त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक तृतीयांश वजा केला की २.८ लाख. या वयाला २००९ च्या सरला वर्मा निकालातला गुणक १७. झाले ४७.६ लाख, वरच्या ठरावीक रकमा वेगळ्या. एवढ्यासाठी बारावीचं कॅल्क्युलस लागत नाही. गणित आवडत असेल तर जरूर घ्या. ‘लॉला लागेल’ म्हणून घेऊ नका.

आता सायन्स. ‘सायन्स घे, सगळे दरवाजे उघडे राहतात’ हा सल्ला खोटा नाही. सायन्समधून पुढे आर्ट्स-कॉमर्सला जाता येतं, उलटं येत नाही. पण हे दरवाजे उघडे ठेवायची किंमत वेळेत मोजावी लागते. प्रॅक्टिकल्स, जर्नल्स, बहुतेकांच्या मागे नीट किंवा जेईईचा क्लास. त्यात अलीकडे क्लॅट डिसेंबरातच होते, म्हणजे बारावीच्या बोर्डाआधी. फिजिक्सचं पोर्शन आणि क्लॅटचे लांबलचक उतारे एकाच दिवाळीत उरकायचे म्हटलं तर काहीतरी मागे पडतंच, आणि सहसा उतारेच पडतात. लॉ सीईटी बोर्डानंतर असते, तिथे थोडी उसंत मिळते.

तरीही एका मुलासाठी मी सायन्सच सांगेन: ज्याला विज्ञान मनापासून आवडतं आणि पेटंटचं, म्हणजे नव्या शोधांचे हक्क मिळवून देण्याचं काम खुणावतं. पेटंट एजंटची परीक्षा द्यायला १९७० च्या पेटंट कायद्याने विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते. बीए एलएलबीवाल्याला ती परीक्षाच देता येत नाही. अशाने आधी बीएससी किंवा बीई करावं, मग तीन वर्षांची एलएलबी. वर्षं जास्त जातात, पण पेटंटच्या कामात विज्ञान कळणाऱ्या वकिलाला मागणीही असते.

शाखेच्या वादात भाषेकडे कोणी बघत नाही, आणि माझ्या मते खरी चूक तिथे होते. दुसरी भाषा म्हणून मार्कांसाठी जर्मन घ्यायची, संस्कृत घ्यायची, नाहीतर भाषाच टाकून आयटी घ्यायचा, ही पद्धतच पडली आहे. डॉक्टर-इंजिनिअर होणाऱ्याचं त्यात काही बिघडत नाही. पण उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय इंग्रजीत चालत असलं, तरी महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. फिर्याद, जबाब, पंचनामा, सातबारा, फेरफार, जुनं खरेदीखत, सगळं मराठीत, आणि तेही ‘सदर इसमाने’, ‘मजकुरी मिळकत’ अशा मराठीत. दहावीनंतर जिचा मराठी वाचनाशी संबंध सुटला, तिच्या हाती पहिलं खरेदीखत आलं की ती कारकुनाचं तोंड बघते. उलट फक्त मराठीवर भिस्त ठेवूनही भागत नाही: लॉ सीईटी मराठीतूनही देता येते, क्लॅट मात्र इंग्रजीतच, आणि निवाडेही इंग्रजीतच वाचायचे. म्हणून शाखा कोणतीही घ्या, इंग्रजी आणि मराठी दोन्ही ठेवा. पाच-दहा मार्क कमी पडले तरी चालतील. ते क्लॅटमध्ये मोजलेच जात नाहीत.

लॉच करायचं हे पक्कं असेल तर माझं मत आर्ट्सला: तर्कशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आणि इतिहास. अजून डळमळीत असाल आणि आकड्यांची भीती नसेल तर कॉमर्स. घरच्यांनी सायन्सचा धोशा लावला असेल तर निदान जेईईचा क्लास तरी लावू नका, असं मी आईबाबांनाच सांगेन. मात्र एक अडचण आहे. तर्कशास्त्र सगळ्याच ज्युनिअर कॉलेजांत शिकवत नाहीत; कागदावर विषय असतो आणि शिक्षक नसतो, असंही घडतं. म्हणून ऑनलाइन फॉर्ममध्ये पसंतीक्रम भरण्याआधी कॉलेजात जाऊन, विषय यंदा खरंच चालू आहे का, हे ऑफिसात न विचारता बारावीच्या मुलांना विचारा.