फ्रीजवरची गुणांची वही : आठ महिने वापरून

श्रावणात मी फ्रीजवर एक वही लटकवली. घरात येणाऱ्या खाण्याच्या जिनसाला पर्यावरणाच्या हिशेबाने दहापैकी गुण: पाच अंतराचे, तीन पाण्याचे, दोन प्लॅस्टिकचे; जितकं कमी, तितके गुण जास्त. आता चैत्र लागलाय. वही कामाची आहे, पण गुणांची वाटणी मी साफ चुकवली होती.

पहिला खोडा बाजारातच. आम्ही खानदेशातल्या अमळनेरचे. ‘टमाटा कठला शेतस?’ विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘मार्केटना शेतस, भाऊ.’ शेजारच्या गावचा मालही लिलावाला जाऊन, अडत भरून माझ्या गल्लीत येतो. अंतर लिहायचं कुठलं?

केळीने मला चांगलंच फसवलं. चोपड्याकडची, तीस-पस्तीस किलोमीटरवरची, म्हणून अंतराचे पैकीच्या पैकी. पण हे पीक जवळपास वर्षभर शेतात उभं असतं आणि ठिबकवर असलं तरी उन्हाळाभर पाणी मागतं. बोअर किती खोल गेले ते केळीवाल्यालाच विचारा. उलट आपली दादर, म्हणजे रब्बी ज्वारी! पावसाळा सरल्यावर काळ्या जमिनीतल्या ओलीवर निघते. दाणा आपल्याला, कडबा गुरांना. तिच्यात उडीद दळून घातले की कळण्याची भाकरी. आठ महिन्यांत दहापैकी दहा फक्त तिलाच दिले.

शेवभाजीला मात्र मन घट्ट करून चारच. फरसाणवाल्याला तेल विचारलं, त्याने पामोलिनचा डबा दाखवला. पामतेल येतं मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियातून. तूरडाळीच्या पाकिटावर पत्ता गिरणीचा असतो. आतली तूर मोझांबिकची किंवा म्यानमारचीही असू शकते.

मग २०१८ चा एक अभ्यास वाचनात आला, पुअर आणि नेमेसेक यांचा, ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांच्या माहितीवरचा. त्यावरून काढलेल्या हिशेबात अन्नामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या एकूण उत्सर्जनात वाहतूक जेमतेम सहा टक्के. मोठा वाटा जमीन, शेती आणि जनावरांचा. म्हणजे माझे निम्मे गुण एका किरकोळ गोष्टीला! अंतर मोजायला सोपं, म्हणून तेच मोजत बसलो. दिवाळीनंतर अंतराला एक गुण ठेवला, पाण्याला चार, आणि नवा रकाना काढला: किती फेकलं. त्यात आमच्या घराची अब्रू गेली. दर आठवड्याला कोथिंबिरीची अर्धी जुडी कचऱ्यात.

हिवाळ्यात भरिताची वांगी तुराट्यांवर भाजली. गॅस वाचला, जळण शेतातलंच, म्हणून मी खुशीत नऊ गुण लिहिले. आई डोळे पुसत म्हणाली, ‘अन् हाऊ धूर कोन मोजी?’

तो रकाना अजून कोराच आहे.