रेडफिश: सर्व्हर, डिस्क आणि नेटवर्क कार्डांची एकच परिभाषा

सर्व्हर दुरून चालू-बंद करणे, डिस्कची तब्येत पाहणे, फर्मवेअर चढवणे या कामांसाठी १९९८ पासून आयपीएमआय हे मानक वापरात आहे. त्याच्या २.० आवृत्तीत लॉगिन पुरे होण्याआधीच सर्व्हर पासवर्डचा हॅश (पासवर्डपासून गणिताने काढलेला ठसा, ज्यावरून पासवर्ड ओळखता येऊ शकतो) समोरच्याच्या हाती देतो. हा दोष मानकातच असल्याने पॅच लावून जात नाही. डीएमटीएफ या मानके ठरवणाऱ्या संस्थेने २०१५ साली त्याच कामांसाठी आणलेले रेडफिश हे नवे मानक एचटीटीपीएस (वेबचा सुरक्षित मार्ग) आणि जेसन (माहिती मजकुरात मांडण्याची पद्धत) यांवर चालते, त्यामुळे ही अडचण उरत नाही. पण रोज वापरणाऱ्याला त्याहून मोलाची वाटते ती त्याची परिभाषा.

तिचा पाया तीन शब्दांवर आहे. सिस्टिम म्हणजे प्रोसेसर, मेमरी आणि ऑपरेटिंग सिस्टिम चालवणारा संगणक. चॅसी म्हणजे हाताला लागणारा पत्र्याचा डबा, त्यातले पंखे आणि पॉवर सप्लाय. मॅनेजर म्हणजे या दोन्हींवर नजर ठेवणारा बीएमसी, सर्व्हरमधलाच पण त्याच्यापासून स्वतंत्र चालणारा छोटा संगणक. एकाच चॅसीत चार सिस्टिम असू शकतात, म्हणून ही विभागणी लागतेच. ती पक्की नसली की चुका महागात पडतात. मॅनेजरला रीसेट दिला तर फक्त बीएमसी पुन्हा सुरू होतो, सर्व्हरवरचे काम चालूच राहते. तोच रीसेट सिस्टिमला दिला तर सर्व्हर बसतो. इथरनेट-इंटरफेसेस हा विभाग तर दोन्हीकडे एकाच नावाने आहे. सिस्टिमखाली सर्व्हरचे पोर्ट दिसतात, मॅनेजरखाली बीएमसीचा स्वतःचा. सर्व्हरचा समजून मॅनेजरचा आयपी बदलला की आपलाच दरवाजा बंद होतो. नेटवर्क कार्ड हार्डवेअर म्हणून पाहायचे असेल तर चॅसीखालच्या नेटवर्क-अडॅप्टर्समध्ये जावे. लिंक चालू आहे की नाही ते तिथल्या पोर्टवर कळते.

स्टोरेजची मांडणी सर्वांत चांगली जमली आहे. ड्राइव्ह म्हणजे खरी डिस्क, व्हॉल्यूम म्हणजे रेड करून, म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून, ऑपरेटिंग सिस्टिमला दिसणारी. ड्राइव्हवर बिघाडाचे भाकीत आणि एसएसडीचे उरलेले आयुष्य टक्क्यांत मिळते. डिस्क उपसण्यापूर्वी तिचा लोकेशन-इंडिकेटर लावून दिवा डोळ्यांनी पाहावा, कारण रेड ५ या एकच डिस्क गमावणे सोसणाऱ्या मांडणीत एक डिस्क गेलेली असताना शेजारची चांगली डिस्क ओढली की व्हॉल्यूम संपला. स्टेटसमध्ये हेल्थ आणि हेल्थ-रोलअप वेगळे आहेत. हेल्थ त्या घटकापुरता असतो, रोलअपमध्ये त्याच्या पोटातले घटकही मोजले जातात. वर फक्त हेल्थ पाहणारी स्क्रिप्ट आतली मरू घातलेली डिस्क चुकवते.

तापमान आणि विजेसाठी जुने थर्मल आणि पॉवर विभाग जाऊन थर्मल-सबसिस्टिम आणि पॉवर-सबसिस्टिम आले. जुन्या फर्मवेअरमध्ये जुनेच सापडतात, तेव्हा दोन्ही तपासावेत.

त्रास होतो तो उत्पादकांच्या मोकळीकीचा. सिस्टिमची ओळख कुठे नुसती १ असते, कुठे लांबलचक नाव. म्हणून पत्ता स्क्रिप्टमध्ये ठोकून बसवू नये, मुळापासून मेंबर्स (प्रत्येक विभागातल्या घटकांची यादी) वाचत खाली उतरावे. ओईएम नावाच्या कप्प्यात प्रत्येक उत्पादकाचे वेगळेच काही असते; त्यावर उभारलेली स्क्रिप्ट दुसऱ्या उत्पादकाच्या सर्व्हरवर चालत नाही.

बदल करताना उत्तरात ४१२ हा कोड आला तर आपल्याकडचा ईटॅग (वाचलेल्या माहितीच्या आवृत्तीची खूण) शिळा झाला आहे. पुन्हा वाचून नवा ईटॅग जोडून पाठवावा. ४२८ आला तर ईटॅग जोडायचाच राहिला आहे. २०२ म्हणजे काम झाले असे नव्हे, फक्त स्वीकारले; मागे चालू राहिलेल्या त्या कामाची, म्हणजे टास्कची, स्थिती आणि निकाल दोन्ही पाहावेत. बायोसचे (सर्व्हर सुरू करणाऱ्या मूळ फर्मवेअरचे) बदल सेटिंग्जमध्ये थांबून राहतात आणि पुढच्या रीस्टार्टला लागू होतात, त्यामुळे लगेच वाचल्यावर जुनीच किंमत दिसणे बरोबर आहे. काम संपताच सेशन, म्हणजे लॉगिन केल्यावर उघडलेली जोडणी, डिलीट करावे. सेशनची संख्या मर्यादित असते आणि सोडून दिलेली सेशन टाइमआउट होईपर्यंत जागा अडवतात, मग खऱ्या अडचणीच्या वेळी लॉगिनच मिळत नाही.

सीरियल कन्सोल, म्हणजे सर्व्हरचा मजकुरी पडदा, रेडफिश स्वतः वाहून नेत नाही, त्यासाठी बीएमसीवर एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिन करण्याचा मार्ग) लागते. ते चालते याची खात्री करावी, देखरेखीच्या साधनांपैकी कोणी आयपीएमआयचे यूडीपी ६२३ पोर्ट वापरत नाही हेही पाहावे आणि मग मॅनेजरच्या नेटवर्क-प्रोटोकॉलमध्ये जाऊन आयपीएमआय बंद करून टाकावे.